बाबांच्या जोडीचा सम्राट

माझे बाबा आणि जपानचे सम्राट यांची एकमेकांशी ओळख नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बाबा साताऱ्याकडच्या एका गावात हायस्कूलला इतिहास शिकवायचे आणि मुंबईलासुद्धा नाइलाज असेल तरच जायचे. पण १९२६ सालच्या डिसेंबरात, अगदी शेवटच्या आठवड्यात, जपानचे जुने सम्राट वारले, त्यांचे चिरंजीव गादीवर आले, आणि त्याच आठवड्यात आमच्या आजीने बाबांना जन्म दिला. एवढ्या भांडवलावर बाबांनी जन्मभराचं नातं जोडलं. "आम्ही दोघं एकदमच कामाला लागलो," असं ते म्हणायचे.

जपानात वर्षं मोजतात ती राजाच्या कारकिर्दीवरून. नवा राजा आला की कारकिर्दीला नवं नाव मिळतं आणि वर्ष पुन्हा एकपासून सुरू होतं. या सम्राटांच्या कारकिर्दीचं नाव शोवा. त्यामुळे शोवाचं वर्ष म्हणजेच बाबांचंही कितवं वर्ष चालू आहे ते, असा त्यांचा साधा हिशोब होता. वाढदिवसाला आई औक्षण करायची, आणि बाबा पाटावर बसूनच घोषणा करायचे, "शोवा अमुक तमुक. प्रजा सुखी आहे." आई म्हणायची, "प्रजेला दळण आणायला जायचंय. उठा."

बाबा त्या सम्राटांचं नाव मात्र कधी घ्यायचे नाहीत. चीनमध्ये बादशहाचं नाव उच्चारणं हा गुन्हा होता, आणि जपानातही गादीवरच्या सम्राटाला कोणी नावाने संबोधत नाही, हे त्यांनी मला फार लहानपणी सांगितलं होतं. आईने तर बाबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलंच नाही. अशा घरात वाढल्यामुळे असेल, मीही इथे कोणाचं नाव घेणार नाहीये.

इतर मुलींच्या डोक्याला तेल लावताना त्यांच्या आया गाणी म्हणत असतील. माझ्या डोक्याला रविवारी बाबा तेल लावायचे आणि चीनच्या मिंग घराण्याची सनावळी म्हणायचे. सोळा बादशहा संपेपर्यंत तेल जिरायचं. मग चिंग घराणं, वेणीसाठी. एका बादशहाला सुतारकामाचा नाद होता, राज्य बुडत चाललेलं आणि हा आपला रंधा मारतोय. दुसरा दरबाऱ्यांवर रुसला आणि वर्षानुवर्षं महालातून बाहेरच आला नाही. तिसऱ्याने साठ वर्षं राज्य करून गादी सोडली, का, तर आजोबांनी एकसष्ट वर्षं केलं होतं, त्यांच्या पुढे जायचं नाही. "गादी सोडली," बाबा वेणीला गाठ मारत म्हणायचे, "पण किल्ल्या नाही सोडल्या हं. तुझ्या आजीसारखं."

आणि शेवटचा, अगदी तान्हा म्हणावा असा. दोन-अडीच वर्षांचं पोर, प्रचंड सिंहासनावर बसवलेलं. समोर हजार माणसं लोटांगण घालतायत आणि हे रडून आकांत करतंय. त्याचा बाप शेजारी गुडघ्यावर बसून त्याला समजावत होता, "रडू नकोस, आत्ता संपेल." लोक म्हणाले, अपशकुन झाला. आणि राज्य खरंच संपलं. बाबांना ही गोष्ट फार आवडायची, पण राज्य संपलं म्हणून नाही, त्या बापासाठी. माझ्या हाताला टोचून घेताना, गुडघ्याला आयोडीन लावताना ते हेच म्हणायचे. मी नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर मी लाज सोडून भोकाड पसरलं, तर बाबा चष्मा पुसत म्हणाले, "रडू नकोस, आत्ता संपेल." ते काही संपलं नाही.

आम्ही आलो ते नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी नावाच्या गावी. नवरा जवळच्या रिसर्च पार्कमध्ये औषधांच्या कंपनीत लागला होता. गाव म्हणजे पाइनची झाडं, त्यांच्यामध्ये सारखी दिसणारी अपार्टमेंटं, आणि रस्त्याच्या कडेला चालायला फूटपाथसुद्धा नाही. सकाळी नवरा गाडी घेऊन गेला की मी आणि भिंती. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. लोक म्हणतात एकटेपणाची सवय होते. मला झाली नाही. मी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोललेली नसायचे, आणि नवरा आला की त्याच्यावर इतकी तुटून पडायचे की तो बिचारा बूट काढायच्या आधीच दमायचा.

१९८७च्या पावसाळ्यानंतर बाबांचं एक हवाईपत्र आलं. त्यात घरची खुशाली होती आणि शेवटी दोन ओळी: माझ्या जोडीदाराचं ऑपरेशन झालं, आतड्याचं, पेपरात होतं, मी मात्र ठणठणीत आहे, तेव्हा जास्त कोण जगतो ही पैज मीच जिंकणार. सम्राट त्या ऑपरेशनमधून बरे झाले. बाबा रिटायर झाल्यावरही शाळेत तास घ्यायला जायचे, ते दिवाळीच्या तोंडावर शाळेतून घरी आले, चहा मागितला, आणि चहा येण्याआधीच गेले.

मला आठवा महिना चालू होता. डॉक्टरने विमानाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. नवऱ्याने रजा घेतली, माझ्या शेजारी बसून राहिला, "तुला काही हवंय का?" असं विचारत राहिला, आणि रजा संपल्यावर कामावर गेला. त्याच्यावर माझा राग नाही. मला काय हवं होतं ते मला तरी कुठे सांगता येत होतं?

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भात करून आणतात, आणि घरच्यांना समोर बसवून, नको नको म्हणत असताना, वाढतात. माझ्याकडे कोण आणणार? मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. त्या नागपूरच्या, मनाने चांगल्या, पण जिभेला हाड नाही. "अगं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक," त्या म्हणाल्या, "आणि अशा अवस्थेत रडायचं नाही बरं का, बेबीला चांगलं नाही. आणि हो, दिवाळीच्या प्रोग्रॅमच्या तुझ्या चकल्या आम्ही कॅन्सल केल्यात. टेन्शन घेऊ नको." मी म्हटलं, "थँक यू काकू." फोन ठेवला आणि कॉर्नफ्लेक्स खाल्ले. तीनच दिवस! जसं काही लग्नात मला देऊन टाकलं आणि बाप तिकडेच ठेवून घेतला.

मंडळात मी पुढे जाईनाशीच झाले. मुलगी झाली, बारसं झालं, सगळं झालं, पण मी त्या रुसलेल्या बादशहासारखी महालात बसून राहिले. फरक एवढाच की त्याच्या दाराशी दरबारी ताटकळत होते. माझ्या दाराशी कोणीच नव्हतं.

अशातच कधीतरी अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये एक बाई भेटल्या. साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, चादरीची घडी अशी घालायच्या की इस्त्रीने लाजावं. त्या जपानी होत्या. लढाईनंतर तिथे आलेल्या एका अमेरिकन सोल्जरशी लग्न करून तरुणपणीच इकडे आल्या होत्या, आणि आता विधवा होत्या. त्यांच्या इंग्रजीला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा इतका हेल होता की पहिल्यांदा मला अर्धं कळलंच नाही. मी मनात त्यांना मावशी म्हणायला लागले, आणि मग तोंडावरही. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, हनी. तुझी मावशी तर मावशी."

एकदा त्यांनी चहाला बोलावलं. स्वयंपाकघरात भिंतीवर एक जपानी कॅलेंडर होतं. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण त्यांत ६३ हा आकडा होता, आणि साल होतं १९८८. मी विचारलं, "शोवा त्रेसष्ट?"

मावशींनी कप खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी." मग मी बाबांचं सगळं सांगितलं, जन्माचा आठवडा, पाटावरची घोषणा, पैज. फक्त ते गेले हे सांगितलं नाही. म्हणजे सांगायला गेले, आणि "ते म्हणतात" असंच तोंडून निघालं. मावशींना वाटलं ते आहेत. मी ते तसंच राहू दिलं, कारण त्या स्वयंपाकघरात बाबांचं त्रेसष्टावं वर्ष भिंतीवर लटकत होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

तेव्हापासून मला एक नाद लागला. मी दर आठवड्याला कॅलेंडर बघायला जायचे. मावशींना वाटे मी चहासाठी येते. राजा जोवर आहे तोवर वर्ष चालू आहे, आणि वर्ष चालू आहे तोवर बाबांचं वय वाढतंय, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं. वेडेपणा होता. पण दिवसभर भिंतींशी बोलणाऱ्या बाईने कोणता शहाणपणा करायचा?

त्या सप्टेंबरात सम्राट अंथरुणाला खिळले, तेव्हा मग माझी झोपच उडाली. इथल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी यायच्या, कधी त्याही नाहीत. मावशींची बहीण जपानहून फोन करायची, तिच्याकडून जास्त कळायचं. आज रक्त दिलं, आज ताप उतरला. तिकडे लोकांनी जत्रा रद्द केल्या होत्या, लग्नं गुपचूप उरकली जात होती. एका गाडीच्या जाहिरातीत माणूस काचेतून "मंडळी, कसे आहात?" असं विचारायचा, तर त्याचा आवाज बंद करून टाकला, राजा आजारी असताना असं विचारायचं नाही म्हणे. मावशी हे सांगताना नाक मुरडायच्या. मला मात्र त्या लोकांचा हेवा वाटायचा. एका म्हाताऱ्या माणसासाठी अख्खा देश हळू आवाजात बोलतो! माझ्या बाबांसाठी माझ्या चकल्या तेवढ्या रद्द झाल्या.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "तू रोज पेपरात काय शोधतेस?"

"जपानच्या सम्राटांची तब्येत."

त्याने विचारलं, "बरी आहे?"

"नाही," मी म्हटलं आणि ताट उचललं.

डिसेंबरच्या शेवटी मावशींच्या बहिणीने नवीन कॅलेंडर पाठवलं. त्यावर ६४ छापलेलं होतं. ते भिंतीवर लावताना मी स्टूल धरून उभी होते. आजोबांचा मान राखणाऱ्या त्या चिनी बादशहाची गोष्ट मला आठवली. बाबांचा हा जोडीदार त्या आजोबांच्याही पुढे गेला होता, आणि बाबांना हे सांगायला हवं होतं. खाली उतरल्यावर मावशी म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना चौसष्टच्या शुभेच्छा कळव." मी म्हटलं, "कळवते."

जानेवारीतल्या पहिल्याच शुक्रवारी, संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की सम्राट गेले. जपानात तेव्हा शनिवारची सकाळ झाली होती. मी टीव्हीसमोर उभी होते, मुलगी काखेत होती. मी टीव्ही बंद केला आणि काय करावं हे न सुचून बेसनाचा डबा काढला.

आपण हे का करतोय, याचा मी विचारही केला नाही. मावशींच्या देशात माणूस गेलंय, मावशी एकट्या आहेत, त्यांची चूल पेटणार नाही, एवढंच डोक्यात होतं. फोडणी केली, पिठलं ढवळलं, कुकर लावला. नवरा आला तेव्हा मी डबा बांधत होते. पिठल्याचा वास आणि माझा चेहरा बघून तो दारातच थबकला.

"कोण गेलं?"

"जपानचे सम्राट."

पुढे होऊन त्याने मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाला, "सावकाश ये." त्याच्याबद्दल मी आयुष्यात पुष्कळ तक्रारी केल्या, पण ते "सावकाश ये" मी विसरले नाही.

मावशींकडे पोचले तर घरात माशाचा खमंग वास सुटलेला. त्या ओट्यापाशी उभ्या राहून मजेत रेडिओवरची गाणी ऐकत होत्या. मी दारात डबा घेऊन उभी, डोळे सुजलेले.

"काय झालं, हनी? मुलगी बरी आहे ना?"

"तुमचे सम्राट..." मी म्हटलं. "आमच्याकडे असं कोणी गेलं की शेजारी जेवण घेऊन जातात. घरच्यांनी स्वयंपाक करायचा नसतो. म्हणून मी..."

मावशींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग परतत टाकलेल्या माशाकडे, आणि मग त्यांना हसू आलं. पण ते लगेच ओसरलं. त्यांनी गॅस बंद केला आणि रेडिओही. "बस," त्या म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ त्यांच्या नावाने लढायला गेला. परत आली ती लाकडाची पेटी, आणि त्यात भाऊ नव्हता, वाळूसुद्धा नव्हती, एक कागद होता त्याच्या नावाचा. माझ्या आईला रडायचीही परवानगी नव्हती, अभिमान वाटला असं म्हणायचं होतं. मी त्या माणसासाठी जे द्यायचं ते तेव्हाच दिलंय. आज माझ्या घरात कोणी गेलेलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले. नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

"आता याचं काय होणार?" मी विचारलं.

"याचं? पहिलं वर्ष आठवड्याचं होतं, शेवटचंही आठवड्याचंच झालं. उद्यापासून नवं नाव, वर्ष पहिलं. हे सगळं चुकीचं छापलंय आता."

"मग मला द्या."

"चुकीचं कॅलेंडर? कशाला?"

"हवंय मला. तुम्हाला नकोय ना? मला हवंय." माझा आवाज चढला होता. "वर्षभर लावीन मी. वार तर बरोबर असतील ना? चौसष्टावं वर्ष आहे त्यांचं. पूर्ण होऊ दे ना."

मावशींना कळायला वेळ लागला नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुझे वडील कधी गेले?"

मी सांगितलं. मागच्या दिवाळीच्याही मागची दिवाळी. विमानात बसता आलं नाही. तीन दिवसांचं सुतक. कॉर्नफ्लेक्स. सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता असं रडू फुटलं की शेवटी शब्द इंग्रजी की मराठी तेही मला कळेना. मावशींनी मला थांबवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. माझं रडणं आवरेपर्यंत त्या समोर नुसत्या बसून राहिल्या.

मग उठल्या आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, देणार. मी हात पुढे केला. त्यांनी त्याची घडी घातली, चादरीची घालायच्या तशीच, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"नाही, हनी," त्या म्हणाल्या. "तो गेला. तुझे वडीलही गेले."

मला इतका राग आला की माझा पिठल्याचा डबा उचलून तशीच निघून जावं असं वाटलं. पण डबा त्यांनी आधीच उघडला होता. पिठलं थंडीत येता येता घट्ट झालं होतं. त्यांनी ते पातेल्यात काढलं, पाणी घातलं, आणि लाकडी चमच्याने ढवळायला लागल्या. वास घेऊन पाहिला. "हे गेलेल्याच्या घरच्यांनी खायचं असतं ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आणि दुसऱ्या कोणीतरी वाढायचं असतं?" मी पुन्हा मान हलवली.

त्यांनी भात एका खोल वाडग्यात घेतला, वर पिठलं ओतलं, बाजूला त्यांचं खारवलेल्या बोराएवढ्या आंबट फळाचं लोणचं ठेवलं आणि वाडगा माझ्यासमोर सरकवला. स्वतःसाठी काही घेतलं नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मला नको," मी म्हटलं.

"खा," त्या म्हणाल्या.

गुठळ्या झाल्या होत्या. मीठ मीच कमी घातलं होतं. बाबांच्या मागे मला समोर बसवून कोणीतरी वाढलेलं ते पहिलंच जेवण. मी वाडगा संपेपर्यंत मावशी जागच्या उठल्या नाहीत.